नामदफाच्या वर्षावनात गाडी कुठवर न्यावी?

शहाद्याच्या एका भावाने विचारलंय: नवी डिझेल थार घेतली, फोर-बाय-फोर. तोरणमाळ झालं, पाल झालं, लळिंगच्या बाजूलाही फिरून झालं. आता जुलैत बारा दिवसांची रजा काढून बायकोला आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन अरुणाचलमधल्या नामदफाला जायचंय, जमलं तर थेट उद्यानापलीकडच्या विजयनगरपर्यंत. ऐन पावसातलं वर्षावन बघायची फार दिवसांची इच्छा आहे. विचारलेले प्रश्न दोनच: टायर मड-टेरेन (खोल खाचांचे, चिखलासाठीचे) घ्यावेत की ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचे), आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र, बसवावं का.

मी जळगावात फोर-बाय-फोर गाड्यांचं काम करतो आणि हिवाळ्यात लहान गटांना घेऊन ईशान्येच्या जंगलांत जातो. टायर आणि विंचचं उत्तर पुढे देतोच, पण भाऊ, तुमचा खरा प्रश्न तो नाही. घरापासून पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास लांब, जिथे मोबाईलला रेंज नाही आणि जवळचं मोठं रुग्णालय काही तासांवर आहे, अशा जंगलात लेकराला घेऊन जाताना गाडी कुठे थांबवायची, हा खरा प्रश्न आहे. हे घरून निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं. चिखलात चाक फिरायला लागल्यावर माणूस 'अजून शंभर मीटर' म्हणत पुढे जातो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच मांडतो. महिना कोणता, गाडी एक की दोन, हातात दिवस किती, आणि त्या आठवड्यात मियाओच्या, म्हणजे उद्यानाच्या तोंडाशी असलेल्या गावाच्या, पुढचा रस्ता कसा आहे. यातलं एक बदललं तरी माझं उत्तर बदलेल. तुम्ही दिलेल्या माहितीवर, म्हणजे जुलै, एकटी गाडी, बारा दिवस आणि सोबत लहान मूल, माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे. पण नामदफाला जाऊच नका, असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर जा. कसं जायचं ते सांगतो.

आधी जागा समजून घ्या. नामदफा चांगलांग जिल्ह्यात आहे, म्यानमारच्या सीमेला लागून. १९८३ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्पही. क्षेत्रफळ सुमारे १,९८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या यावल अभयारण्यासारखी अकरा अभयारण्यं त्यात मावतील. नदीकाठी उंची दोनशे मीटरच्या आसपास आणि दाफा बुम शिखर ४,५७१ मीटर. एकाच उद्यानात खाली दाट सदाहरित रान आणि वर बर्फ. वाघ, बिबट्या, हिमबिबट्या आणि लांबचित्ता (क्लाउडेड लेपर्ड) असे मांजरकुळातले चार मोठे प्राणी एकाच उद्यानाच्या यादीत आहेत, ते याच उंचीच्या फरकामुळे. कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला, २७ अंश अक्षांशाच्या पुढे असूनही खालचं जंगल खरंखुरं वर्षावन आहे. इतक्या उत्तरेला सखल भागातलं सदाहरित वर्षावन जगात जवळपास कुठेच नाही.

आता महिन्याचं. आपल्याकडे पाऊस म्हटला की मृगापासून हस्तापर्यंत. तिकडे तसं नाही. मार्च-एप्रिलपासूनच वळवाच्या जोरदार सरी सुरू होतात, मग मोसमी पाऊस, आणि तो ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. जळगावला वर्षभरात सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिकडे त्याच्या कितीतरी पट. रस्ता खात्रीचा असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला आठवडा. जुलैत नोआ-दिहिंग नदी फुगलेली असते, ओढे रस्त्यावरून वाहतात आणि दरडी येतच राहतात. पावसातलं वर्षावन बघायची हौस मला समजते, पण हिवाळ्यातही ते जंगल कोरडं होत नाही. पहाटेच्या धुक्याचं पाणी पानांवरून दुपारपर्यंत टपकत असतं, आणि अधूनमधून हिवाळी सरही येते. आपल्या सातपुड्यातला साग फेब्रुवारीत पानं टाकतो, तसं तिथल्या खालच्या जंगलात होत नाही. हिरवं बघायला जुलैच गाठायला हवा असं नाही.

चिखलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपण खानदेशातली माणसं इथेच फसतो. चिखल आपल्याला नवा नाही. तापीकाठची काळी माती पावसात कशी होते, ते शहाद्याच्या माणसाला मी काय सांगणार? चाकाला थर चढतो, टायरच्या खाचा बुजतात आणि मडगार्डला माती घासायला लागते. पण या मातीचे दोन गुण आपल्याला सांभाळून घेतात. एक म्हणजे वाफसा. पाऊस उघडला, दोन दिवस ऊन पडलं, की शिवाररस्ता पुन्हा चालता होतो. म्हणून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की आज अडलं तर परवा निघू. दुसरा म्हणजे खालचा मुरूम. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याला, चाक खाली गेलं तरी हात-दीड हातावर मुरूम किंवा काळा पाषाण लागतो आणि टायरला धरायला काहीतरी मिळतं.

नामदफाच्या रस्त्यावर हे दोन्ही आधार नाहीत. वर होलाँगसारखी चाळीस-चाळीस मीटर उंच झाडं, त्यांच्याखाली दुसरा थर, त्याखाली वेत, केळी आणि वेली. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. पाऊस थांबून आठवडा झाला तरी सावलीतल्या वळणावर चिखल तसाच ओला असतो, वाफसा येत नाही. आणि खाली मुरूम नाही. नदीने आणलेला गाळ, चिकणमाती आणि डोंगराचा ठिसूळ, थरांचा खडक. चाक फिरवून खोल जाल तर खाली आणखी चिखलच लागतो. तोरणमाळच्या घाटात कामी आलेला अंदाज इथे उलटतो, तो यामुळे.

तिसरी गोष्ट दरडींची. सातपुडा जुना, मुरलेला डोंगर आहे. तिकडचे डोंगर अजून कोवळे आहेत. पाणी मुरलं की उतारच्या उतार झाडांसकट खाली येतो. सकाळी ज्या रस्त्याने आत गेलात तो संध्याकाळी बंद झालेला असू शकतो, आणि त्यात तुमच्या ड्रायव्हिंगचा किंवा गाडीचा काही संबंध नसतो.

आता दिवसांचा हिशेब मांडा. शहादा ते मियाओ, म्हणजे जळगाव, नागपूर किंवा जबलपूरमार्गे उत्तर बिहार, सिलिगुडी, गुवाहाटी, जोरहाट, तिनसुकिया, दिग्बोई, मार्घेरिटा असं करत जाताना, लेकरू सोबत असेल तर दिवसाला पाच-साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. म्हणजे जायला पाच दिवस, यायला पाच दिवस. बारातले दहा हायवेवर गेले. उरलेल्या दोन दिवसांत तुम्ही वर्षावन बघणार नाही, घाई करणार. आणि चिखलात घाई केली की गाडी अडकलीच म्हणून समजा. स्वतःच्या गाडीने जायचं असेल तर अठरा-वीस दिवस काढा. एवढी रजा नसेल तर भुसावळहून आसामकडे थेट रेल्वे आहे, किंवा विमानाने दिब्रुगड गाठा, आणि तिनसुकिया किंवा मियाओतून स्थानिक ड्रायव्हरसह फोर-बाय-फोर भाड्याने घ्या. नवी थार घरी ठेवून जायचं जिवावर येईल हे मला कळतं. पण तिथल्या ड्रायव्हरला कुठल्या ओढ्यात कुठली बाजू घट्ट आहे हे माहीत असतं. त्याची जुनी गाडी आणि त्याचं ज्ञान मिळून तुमच्या नव्या गाडीपेक्षा पुढे जातात.

परवानग्या दोन लागतात. अरुणाचलमध्ये शिरायला बाहेरच्या राज्यातल्या प्रत्येक भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं. १८७३ च्या नियमापासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि नाक्यावर ती खरोखर तपासली जाते. लेकीचंही वेगळं काढा. त्याची छापील प्रत ठेवा, कारण मोबाईलमधली फाइल रेंज नसताना उघडत नाही. दुसरी परवानगी वनखात्याची, ती मियाओतून. तिथेच वाटाड्या घ्या, आणि तिथेच विचारा, 'आज रस्ता कुठपर्यंत चालू आहे?' हा प्रश्न एकाला विचारू नका. वनखात्याच्या माणसाला विचारा, चहाच्या टपरीवर विचारा आणि आदल्या दिवशी आतून आलेल्या ड्रायव्हरला विचारा. तिघांचं उत्तर जुळलं तरच निघा.

आता गाडी कुठवर. मियाओपासून देबान सुमारे पंचवीस किलोमीटर. वाटेत चकमा लोकांची गावं लागतात, मग जंगल सुरू होतं आणि एका बाजूला नोआ-दिहिंग दिसत राहते. देबानला नदीकाठी वनखात्याचं विश्रामगृह आहे. हिवाळ्यात इथवर तुमची थार यायला हरकत नाही. एकटी असली तरी, दिवसाउजेडी, वाटाड्या सोबत घेऊन. तुमच्या कुटुंबासाठी देबान हाच शेवटचा थांबा, आणि तो आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

विजयनगरचा रस्ता वेगळी गोष्ट आहे. मियाओ ते विजयनगर सुमारे १५७ किलोमीटर, आणि त्याचा मोठा भाग उद्यानातून जातो. पलीकडे गांधीग्राम आणि विजयनगरच्या परिसरात लिसू लोकांची वस्ती आहे. वर्षानुवर्षं ही माणसं मीठ-तेल पाठीवर वाहून दिवसचे दिवस चालत आली आहेत, आणि विजयनगरला हवाई दलाच्या विमानांचा आधार होता. रस्त्याचं काम होत राहतं, दरडी ते मोडत राहतात. हा रस्ता त्यांच्यासाठी दवाखान्याचा, रेशनचा आणि शाळेचा आहे. एका गाडीच्या रुंदीच्या त्या वाटेवर तुमची गाडी पोटावर बसली, तर मागून येणारा आजारी माणूस तिथेच अडतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण हौसेने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत पाणी साचतं, आणि तो रस्ता पुढे महिनाभर त्यांना वापरायचा असतो. म्हणून दोन गाड्या, दोन्हींत अनुभवी चालक, जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा आठवडा आणि सोबत स्थानिक माणूस, एवढं सगळं जमेल तेव्हाच देबानच्या पुढे गाडी काढायची. सोबत नऊ वर्षांचं मूल असताना तर नाहीच.

इथवरचं थोडक्यात: जुलैऐवजी हिवाळा, बारा दिवस असतील तर रेल्वे किंवा विमान, स्वतःची गाडी न्यायची तर अठरा-वीस दिवस, आणि गाडी देबानपर्यंत. हे मान्य असेल तर आता तुमच्या दोन प्रश्नांकडे येतो.

टायर ऑल-टेरेन घ्या. मड-टेरेन चिखलात नक्कीच सरस, पण तुमच्या प्रवासात चिखल पन्नास-शंभर किलोमीटर आणि डांबर पाच हजारांहून जास्त. ओल्या डांबरावर मड-टेरेन टायरची पकड कमी पडते, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेते, आणि त्या गुणगुणीने लेकीचं डोकं दुखेल ते वेगळंच. चिखलासाठी माझा उपाय दुसरा आहे. एक साखळ्यांचा जोड मागच्या चाकांसाठी न्या. चिकणमातीच्या चढावर साखळी जे काम करते ते कुठल्याच टायरच्या नक्षीला जमत नाही. आणि हवा कमी करा. चिखल सुरू होण्याआधी चारही चाकं अठरा-वीस पीएसआयवर आणा. टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो. त्यापेक्षा खाली जाऊ नका, तीव्र वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. परत डांबरावर आलात की लगेच हवा भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर पाहिजेच. विंचपेक्षा मी कंप्रेसरला वरचा नंबर देतो.

विंच बसवायचं असेल तर गाडीच्या भरल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचं घ्या. पण एकट्या गाडीला विंच बांधायला झाड लागतं, आणि वर्षावनातल्या झाडांची मुळं खोल नसतात. वरवर पसरलेली असतात. नदीकाठच्या ओल्या मातीत जाड दिसणारं झाडही ओढीने हलतं आणि वरची वाळकी फांदी खाली येऊ शकते. बांधायचंच तर रुंद पट्टा वापरा, उघडी तार सालीत रुतते आणि झाड जखमी होतं. तारेवर ओलं पोतं टाका, म्हणजे तार तुटली तरी सपकन माणसावर येत नाही. ओढ चालू असताना लेकीला आणि बायकोला तारेच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. दोन मजबूत लाकडी फळ्या, फावडं, ओढपट्टा आणि दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या) एवढ्यावर बहुतेक अडकलेल्या गाड्या निघतात. चाकाखाली घालायला तिथल्या फांद्या तोडायच्या नाहीत, ते राष्ट्रीय उद्यान आहे. ओढपट्टा फक्त चेसीच्या हुकाला लावायचा, बंपरला किंवा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही.

चालवण्याबद्दल. थारचं फोर-बाय-फोर गरजेपुरतं लावायचं आहे. कोरड्या डांबरावर ते लावून वळणं घेतली की पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण गिअरबॉक्सवर येते. चिखल दिसला की आत शिरण्याआधीच थांबून फोर-लो (फोर-बाय-फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा टप्पा) लावा, अडकल्यावर नाही. चढाला दुसरा गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, मध्ये क्लच नाही. उताराला पहिला गिअर, ब्रेकवर पाय नाही. मागची बाजू घसरायला लागली तर ब्रेक मारायची प्रतिक्रिया आपोआप येते, ती आवरा आणि अलगद रेस द्या, गाडी सरळ होते. चाकं जागच्या जागी फिरू लागली की लगेच सोडा. तीन सेकंद जास्त फिरवलीत की गाडी पोटावर बसलीच. ट्रकच्या चाकोऱ्या खोल असतील तर उतरून हाताने मापा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलीमीटर आहे, म्हणजे साधारण एक वीत. मधला उंचवटा वितीपेक्षा जास्त असेल तर एक बाजू उंचवट्यावर ठेवून जा, नाहीतर मागे फिरा.

ओढ्याचं तर विशेष सांगतो. कंपनी थारसाठी ६५० मिलीमीटर पाण्याची खोली सांगते. तो आकडा संथ पाण्याचा धरा. वाहत्या पाण्यात गाडी बुडण्याआधी बाजूला ढकलली जाते. माझी पद्धत अशी: बूट न काढता, हातात काठी घेऊन आधी स्वतः चालून पलीकडे जायचं. काठी प्रत्येक पावलाला तळाशी टेकवायची. 'टक' आवाज आला तर गोटे आहेत, काठी शांतपणे आत गेली तर गाळ आहे. पाणी गुडघ्याच्या वर आणि चालताना तोल जात असेल, तर गाडी घालायची नाही. पाणी गढूळ असेल आणि त्यात पानं-काटक्या वाहत असतील, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तास-दोन तास काठावर थांबा आणि काठाला एक दगड खूण म्हणून ठेवा. पाणी दगडाच्या वर चढतंय की खाली उतरतंय हे पाहून ठरवा.

आणि अंधार. देश एकच, घड्याळ एकच, पण मियाओ आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे. डिसेंबरात जळगावला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तिथे साडेचारच्या आतच अंधारू लागतं. दुपारी तीनला 'अजून बराच वेळ आहे' असं आपलं शरीर सांगत असतं, ते ऐकू नका. सकाळी सहाला निघा, दोनच्या आत मुक्कामी. रात्री त्या रस्त्यावर हत्ती असू शकतात आणि खचलेली कड दिसत नाही. डिझेल मार्घेरिटाला टाकी भरूनच पुढे, कारण फोर-लोमध्ये अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं.

सराव घरीच करा, आणि त्यासाठी अभयारण्यात शिरू नका. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक तुकड्यात, पहिल्या दमदार पावसानंतर, मित्राची दुसरी गाडी किंवा ट्रॅक्टर उभा ठेवून गाडी मुद्दाम अडकवा आणि काढा. हवा कमी करणं, साखळी चढवणं, फळी लावणं हे सगळं बायकोलाही येऊ द्या. तुमचा पाय मुरगळला तर गाडी बाहेर काढणार कोण?

आता ज्यासाठी एवढं करायचं ते जंगल. ताडोबा-मेळघाटसारखी जिप्सी सफारी इथे नाही. उघडं गवताळ रान नाही, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. वाघ दिसेल या आशेने येऊ नका. नामदफा पायी बघायचं असतं आणि बरंचसं कानाने. देबानला सकाळी धुकं उठायच्या सुमारास नदीपलीकडून हुलॉक गिबनची जोडी ओरडायला लागते. आधी एकाची लांब हूक, मग दुसऱ्याची तिच्यात मिसळणारी, आणि चढत चढत अख्खी दरी भरून जाते. भारतात आढळणारी ही शेपटी नसलेल्या वानरांची एकमेव जात. राजधनेश उडत गेला तर तो दिसण्याआधी पंखांचा सूंऽऽ सूंऽऽ आवाज येतो. १९८१ साली याच देबानला मिळालेल्या एकाच नमुन्यावरून नामदफा उडती खार विज्ञानाला माहीत झाली. लेकीला हे सांगा. रात्री विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून झाडांच्या शेंड्यांकडे बघायला तिला कारण मिळेल.

नावेने किंवा पाणी उतरलेलं असेल तर बांबूच्या तात्पुरत्या पुलावरून नदी ओलांडली की हलदीबारीची वाट सुरू होते. पुढे हॉर्नबिल आणि बुलबुलियाचे मुक्काम आहेत, ते मोठ्यांसाठी. लेकीला घेऊन हलदीबारीपर्यंत जाऊन दुपारपर्यंत परत या. वाटेत रानकेळीची दाट बनं लागतात. रावेर-सावद्याची केळी खाणाऱ्या आपल्या माणसांनी ती जरूर बघावी. फळ बोटभर आणि आत काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या.

जळवांची तयारी ठेवा. हिवाळ्यात कमी असतात, नसतात असं नाही. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे विकत मिळतात, ते बुटाच्या आत आणि पँटच्या वर घाला. जळू ओढून काढू नका. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा किंवा चिमूटभर मीठ लावा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरायचं नाही, स्वच्छ धुवून पट्टी बांधा. जळूपेक्षा डिमडाम नावाची बारीक माशी जास्त त्रास देते. चावलं की बारीक रक्ताचा ठिपका उरतो आणि कित्येक दिवस खाज सुटते. लेकीला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तो भाग मलेरियाचा आहे, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्या भरपूर घ्या. एक दिवस जास्त अडकून पडलात तर उपयोगी येतात.

वीस दिवस मिळणारच नसतील आणि आसामचा प्रवासही जड वाटत असेल, तर केरळमधली सायलेंट व्हॅली बघा. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेलं ते पश्चिम घाटातलं वर्षावन. तिथे स्वतःची गाडी मुक्कालीलाच ठेवायची आणि वनखात्याच्या जीपने तेवीस किलोमीटर सैरंध्रीपर्यंत जायचं. सिंहपुच्छ वानरांसाठी ते प्रसिद्ध आहे. स्टिअरिंग हातात नसल्यामुळे तुम्हालाही खिडकीतून बघायला मिळेल. पहिलं वर्षावन म्हणून लेकीसाठी मला ते जास्त योग्य वाटतं.

आणि एक काम, जे बहुतेक जण विसरतात. स्वतःची गाडी नेलीत तर मार्घेरिटाला तिची खालची बाजू प्रेशरने धुऊन घ्या, पाटे, मडगार्डच्या आतली बाजू आणि टायरच्या खाचांसकट. आपल्या बांधांवरचं गाजरगवत आणि घाणेरी चाकांच्या चिखलातून कुठेही जातात. आपल्या जंगलांचं त्यांनी काय केलंय ते आपण रोज बघतो, तिथे ते बी आपल्या हातून पडायला नको. बाहेर पडल्यावर पुन्हा धुवा, ब्रेकमधला चिखल काढा. ओढे ओलांडले असतील तर घरी पोचण्याची वाट न बघता दिब्रुगड किंवा गुवाहाटीला पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तेल तिथेच बदलूनच परतीच्या हायवेला लागा.